उजवीकडचा खिसा

आईने कोट हाताने उचलला नाही. कात्रीचं टोक कॉलरखाली घालून तिने तो टेबलावरून वर केला आणि शेपटीला धरून उंदीर धरावा तसा खिडकीच्या उजेडात धरला.

“कुणाचा आहे हा?”

“माझा. आत्ताच घेतला.”

“तुझ्याआधी कुणाचा होता?”

“ते दुकानदारालाही ठाऊक नाही. कुणातरी पुरुषाचा. आई, तू नुसतं कापड बघ ना.”

कापड आईने केव्हाच पाहिलं होतं. शिंप्याच्या दुकानात चाळीस वर्षं काजं, बटणं आणि तुरपाई करून तिची नजर अशी झाली होती की समोरून येणाऱ्या माणसाची आधी शिवण दिसे, चेहरा मागाहून. लोकर उत्तम होती. दाट विणीची, करड्या निळ्या रंगाची. खांद्यांवर उन्हाने विटलेली, कोपरांवर घासून चकाकणारी, पण कुठे एक धागा तुटलेला नाही. तिने कोट खाली ठेवला आणि कात्री फडक्याला पुसली.

“दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कपडा या घरात येणार नाही. किती वेळा सांगायचं गं तुला?”

लेक आरशासमोर उभी राहून केस वर बांधत होती. नटण्याची तिला लहानपणापासून हौस. कपाटात चार खणसुद्धा भरणार नाहीत एवढेच कपडे, पण ते ती असे आलटूनपालटून घाली की सहा दिवसांत सहा वेगळ्या बायका घरातून बाहेर पडल्यासारख्या वाटत. शेजारणी विचारत, एवढे कपडे आणते कुठून? आणत ती फारच थोडे. पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्यापासून तर जवळपास नाहीच. दर पंधरवड्याला नाल्यात उतरून ती बाटल्या भरून आणायची आणि घरी येऊन सांगायची, “आई, या मोसमात डाळिंबी रंग चालणार बघ. रंगाच्या कारखान्याने कालपासून नाल्यात तोच सोडलाय.” महिन्याने दुकानांच्या काचांमागे डाळिंबी झळकायचाच.

तेव्हापासून तिला दुकानात जाऊन प्रश्न विचारायची खोड लागली होती. “हे शिवलं कोणी?” असं ती विचारायची.

“मशीनवर शिवलंय, ताई.”

“मशीन कोण चालवत होतं?”

एकदा एका विक्रेतीने हे ऐकून सरळ दिवे मालवले होते आणि दुकान बंद व्हायची वेळ झाली म्हणून सांगितलं होतं. दुपारचे तीन वाजले होते.

“गुरुवारी सुनावणी आहे,” लेक आता आरशातूनच म्हणाली. “रंगाच्या कारखान्याला दुसरी शेड हवीये. दोन वर्षांचा अहवाल मी वाचणार. समोर त्यांचे मोठे साहेब, वकील, समिती. त्यांच्याच रंगाचा नवाकोरा कोट घालून त्यांच्यापुढे उभी राहू मी?”

“मी शिवते तुला. कापड आणते.”

“कुठलं आणशील? सगळं त्याच नाल्यातून निघतं.”

“मग आहे त्यातलं घाल काहीतरी.”

“आहे त्यातलं त्या थंडगार हॉलमध्ये कुडकुडत घालू? कुडकुडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?” ती वळली. “आणि मला गबाळी दिसायचं नाहीये, आई. मला तिथे सगळ्यांत छान दिसायचंय. तेवढं मी ठरवलंय.”

“आणि कुणी उठून म्हणालं, हा तर माझा कोट, तर?”

“तर विचारीन, का टाकलात हो एवढा चांगला?”

लेक हसत कामावर गेली. आई मात्र ‘हा तर माझा कोट’ या शब्दांपाशी उभी राहिली ती राहिलीच.

आईची आई दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायची. वर्षातून दोनदा जुन्या कपड्यांचं गाठोडं मिळायचं. त्यातला एक पिवळा फ्रॉक घालून आई शाळेत गेली, तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “खिसा उलटा करून दाखव, आत माझ्या शाईचा डाग आहे.” आईने खिसा उलटा केला. डाग होता. त्या दिवशी घरी येऊन तिने सुई हातात घेतली, ती आजतागायत खाली ठेवली नव्हती. लेक झाली तेव्हा अंगड्यापासून सगळं स्वतः शिवलं. कुणी उठून बोट दाखवील असा धागा तिच्या अंगाला लागू द्यायचा नाही, एवढा एकच हट्ट तिने जन्मभर जपला.

आणि आता ही बया पदरचे पैसे देऊन बोट दाखवून घ्यायला निघाली होती.

आई खुर्ची ओढून बसली. कोटाचं अस्तर तिने बोटाने जरासं वर उचललं. आत, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं, तिथे लोकर रात्रीच्या आभाळासारखी होती. तिने अस्तर आणखी उचललं. मग चष्मा घातला.

कोट उलटवायचं काम तिने स्वतः कधी केलं नव्हतं. दुकानातल्या म्हाताऱ्या शिंप्याला करताना पाहिलं होतं, ती तेव्हा नवी होती. सगळा कोट टाका न टाका उसवायचा, तुकडे मोकळे करायचे, आतली बाजू बाहेर घ्यायची आणि पुन्हा होता तसा जोडायचा. जुन्याचा नवा होतो. आता हे कुणी करत नाही; करायला लागणाऱ्या वेळात दहा नवे येतात. पण जुना मालक दारात येऊन उभा राहिला तरी त्याला ओळखू येणार नाही, असा कोट करायचा तर दुसरा मार्ग नव्हता.

तिने ब्लेड लावलं नाही. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलत गेली. टाका सुटावा, दोरा निघावा, दोऱ्यामागून शिवण मोकळी व्हावी. बाही सुटली, ती जिथे जोडलेली तो मुंढा सुटला, पाठ पोटापासून वेगळी झाली. चार दिवस खिडकीतला उजेड असेपर्यंत ती बसली आणि उजेड सरला की उठली. शेजारीण डोकावून म्हणाली, “काय गं, कोट शिवतेस की फाडतेस?”

“दोन्ही,” आई म्हणाली. “मधे बोलू नकोस, मुंढा चुकेल.”

पुरुषाचा कोट उलटवल्यावर काजं डावीकडून उजवीकडे आली, म्हणजे आपसूक बाईच्या कोटासारखी झाली. आईला हे आधी सुचलं नव्हतं. ती एकटीच हसली. कंबर तिने आत घेतली, खांदे अर्ध्या बोटाने उतरवले. बुधवारी दुपारी लेक तो घालून उभी राहिली. कोट तिच्या अंगावर असा बसला होता की जणू तो आधी कुणी घातलाच नव्हता.

“अगं आई, हा तर नवा आहे!”

“वळ. हात वर कर. खाली घे.” मग आईची नजर छातीवर थांबली. “थांब, हा खिसा.”

वरचा खिसा काजांबरोबरच डावीकडून उजवीकडे आला होता. कापडाला चीर होती, ती कुठे जाणार?

“रफू करून बुजवते.”

“बुजवू नकोस.” लेकीने ओढणीच्या तुकड्याची घडी घालून त्यात खोचली. डाळिंबी नव्हे, हळदी रंगाची. “बघ, किती वेगळं दिसतंय. असा कुणाकडेच नसेल.”

आईने जरा विचार केला. खिसा डावीकडे की उजवीकडे, हे कोण बघत बसणार? चाळीस वर्षांत तिच्या टाक्याकडे कुणी निरखून पाहिलं नव्हतं. कपडा घालणारा आरशात स्वतःला बघतो. “असू दे,” ती म्हणाली. हॉलमध्ये समोर कोण बसणार आहे, ते त्या घटकेला तिच्या डोक्यात आलंच नाही.

गुरुवारी आई मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसली. हॉल खरंच थंड होता. लेक उभी राहिली तेव्हा समितीतल्या दोघांनी कागदांवरून मान वर केली आणि परत खाली घातली नाही. आईने मनातल्या मनात तिची दृष्ट काढली.

लेक वाचत होती. कुठल्या महिन्यात कुठला रंग, त्यात काय सापडलं, नाल्याकाठच्या हातपंपांत त्यातलं किती उतरलं. आवाज स्वच्छ होता, घाई नव्हती. तिसरं पान संपताना समोरच्या रांगेतले मोठे साहेब हलले. सत्तरीचे गृहस्थ, कापडाच्या धंद्यात तिसरी पिढी. मघापासून ते अहवालाकडे नव्हे, कोटाकडे बघत होते.

“अध्यक्षसाहेब, एक विचारू? अहवालाबद्दल नाही, असंच.” ते अर्धवट उठले. “ताई, तुमचा वरचा खिसा उजवीकडे आहे. हा कोट उलटवलेला आहे ना?”

हॉलमध्ये चुळबुळ झाली.

“आमच्या धंद्याला नावं ठेवा, हरकत नाही,” साहेब हसून म्हणाले. “पण नवीन कोटाची अडचण असेल तर तसं सांगा. आमच्याकडे कापडाला तोटा नाही.”

वकील हसले. त्यांच्यामागची रांग हसली. खुर्चीच्या कडेला आईची बोटं रुतली आणि तिला वाटलं, आता लेकीला सगळ्यांसमोर खिसा उलटा करायला सांगतील.

लेकीने पान उलटलं.

“हो, उलटवलेला आहे. माझ्या आईने उलटवला, चार दिवस लागले. ती मागे बसलीये, दाराजवळ.” तिने चष्मा सारखा केला. “पान चौथं. हातपंप क्रमांक सहा.”

माना मागे वळल्या. दोनतीन नव्हे, सगळ्या. पळून जायला दार हाताशी होतं. आई उठली खरी, पण दाराकडे गेली नाही. ती तशीच ताठ उभी राहिली, हात समोर एकमेकांत धरून, लेकीचं सहाव्या हातपंपापासून अकराव्यापर्यंत सगळं वाचून होईपर्यंत. माना एकेक करत पुढे वळल्या. हसायचं कुणाला आठवलं नाही.

निकाल लागला नाही. अध्यक्षांनी पुढची तारीख दिली आणि प्रत्यक्ष पाहणीबाबत यथावकाश विचार होईल असं सांगितलं. यथावकाश हा शब्द लेक तिसऱ्यांदा ऐकत होती. तिने कागद एवढ्या जोरात आपटून सारखे केले की टाचणी उडाली.

“चल,” आई तिच्याजवळ येऊन म्हणाली. “परत बोलावतील. परत येऊ. आहे काय त्यात?”

“ते एकदा सुद्धा येत नाहीत गं नाला बघायला. एकदा सुद्धा!”

“बाई,” मागून आवाज आला.

मोठे साहेब एकटेच होते. मघाचं हसू चेहऱ्यावर नव्हतं.

“तुम्हीच का? बघू का जरा?”

लेकीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. साहेबांनी कोटाची कॉलर दोन बोटांत धरून उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा एकदा फिरवला.

“टाका लागत नाही हाताला.”

“लागला तर मी मजुरी घेत नाही.”

“ब्लेडने उसवलात?”

“सुईने.”

साहेबांनी कॉलर हलकेच सरळ केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, “घरी माझ्या वडिलांचा एक कोट आहे. ते उलटवलेले कोट घालायचे, कारखाना टाकला तेव्हा. तो एक तेवढा उलटवायचा राहून गेला. शहरातले तीन टेलर झाले, सगळे म्हणतात नवा शिवा.” त्यांनी घसा साफ केला. “मघाशी मी बोललो ते... बरं, ते जाऊ द्या. ड्रायव्हरबरोबर पाठवून देतो. गाठोडं बांधून.”

गाठोडं म्हटल्यावर आईचा चेहरा क्षणभर ताठरला. लेकीला ते दिसलं. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आईने तिचा हात दाबला.

“पाठवू नका,” आई म्हणाली. “तुम्ही या.”

“मी?”

“घालणार तुम्ही ना? मग अंगावर घालून उभं राहावं लागेल. कोट उसवायच्या आधी एकदा आणि कच्चा टाचला की एकदा. नुसत्या गाठोड्याची मापं मी घेत नाही.”

साहेबांनी मागे उभ्या असलेल्या वकिलाकडे पाहिलं, पुन्हा कोटाकडे पाहिलं. “बरं. घर कुठे आलं तुमचं?”

“नाल्याच्या पलीकडे.”

“गाडी येते?”

“रेल्वे फाटकापर्यंत येते. तिथून नाल्याच्या काठाने चालत, वीसेक मिनिटं. आम्ही सगळे तसेच येतो-जातो.”

“दुसरा रस्ता?”

“नाही हो.”

लेक अगदी स्थिर उभी होती. साहेबांनी खिशातून घड्याळ काढल्यासारखं केलं, पण हात रिकामाच बाहेर आला. मनात कसलातरी हिशेब चालावा तसे त्यांचे ओठ हलले.

“संध्याकाळी चालेल? काम आटोपून?”

“मला उजेड लागतो. सकाळी या.”

“मंगळवारी,” ते शेवटी म्हणाले.

“मंगळवारी,” आई म्हणाली. तिने लेकीच्या खांद्यावरचा नसलेला धागा झटकला, पिशवी उचलली आणि दारापाशी जाऊन थांबली. साहेबांच्या पायांतल्या चकचकीत बुटांकडे तिने एकदा नीट, शिवणीसकट पाहून घेतलं.

“आणि येताना,” ती म्हणाली, “बूट जुने घाला.”