देवीपट्टीची माती

"मावशी, ही मुळं बघा."

कृषी केंद्राच्या सुमेधा मॅडमनी उपटलेलं मक्याचं ताट द्वारकाबाईंपुढे धरलं. भादवा सरत आला तरी मका गुडघ्यालाच थांबून पिवळा पडला होता. मॅडम बदनापूरहून तिसऱ्यांदा आल्या होत्या, या खेपेला मातीच्या तपासणीचा निकाल घेऊन.

"मातीत डोळ्याला न दिसणारा परजीवी आहे. तो मुळांत शिरतो आणि आपल्याबरोबर विषाणू नेतो. मका, गहू, बाजरी, सगळ्यांनाच हा रोग लागतो. पीक काढलं तरी तो वर्षानुवर्षं मातीत राहतो."

"मंग औषिद?"

"औषध नाही. माती रानाबाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात. गावात आणखी चार रानांत हाच रोग निघालाय. तुमची माती कुणी नेतं का?"

द्वारकाबाईंची नजर देवळाकडे गेली.

देवळामागचं त्यांचं हे रान म्हणजे देवीपट्टी. घटस्थापनेला साऱ्या गावाच्या घटांना माती लागे ती इथलीच. तिच्यात गहू-ज्वारी पेरायची आणि दसऱ्याला घट उठले की बरकत यावी म्हणून ती माती ज्यानं त्यानं आपल्या रानाच्या कोपऱ्यात टाकायची. त्या चारही रानांत पिवळेपणा कोपऱ्यापासूनच पसरला होता. गावानं हळदकुंकू वाहून रोग घरी नेला होता, आणि टोपल्या भरल्या होत्या द्वारकाबाईंनी.

नवरा रामराव गेल्यापासून त्यांना हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं. कुणाची ओटी भरायची वेळ आली की त्या आपणहून उठून आत जात. ही एक सकाळ तेवढी त्यांची होती. सवाष्णी टोपल्या पुढे करून म्हणत, "तुमच्या हातानं घाला, बाई." त्या एका वाक्यावर त्यांचं वर्ष निघायचं.

मॅडम गेल्यावर दैवशाला, त्यांची धाकटी जाऊ, म्हणाली, "खरं कशाला सांगता बाई? रान लई ओलं हाय, माती निघत न्हाई म्हना. न्हाईतर सगळं खापर तुमच्यावर फुटंल."

"अन् पुढल्या साली?"

"पुढल्या सालचं पुढं पाहू."

सल्ला वाईट नव्हता. द्वारकाबाईंनी ते वाक्य मनात दोन-चारदा घोळवूनही पाहिलं.

घटस्थापनेच्या सकाळी त्या रानात पोचल्या तर बायका आधीच आत शिरलेल्या. दोघी-तिघींनी माती उकरायला घेतली होती. ओल्या रानाची सबब आता सांगून उपयोग नव्हता, आणि सांगावीशीही वाटेना.

"टोपल्या रिकाम्या करा," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमच्या रानातला रोग हितूनच गेल्ता. माझ्याच हातानं गेला."

मग झुंबरबाई बोलली. तिची बाजरी यंदा हाती लागली नव्हती.

"मी तवाच म्हनलं व्हतं. रांडमुंड बाईच्या हातची माती घटाला घिऊ न्हाई."

तिला कुणी अडवलं नाही. दैवशालाही खाली बघत राहिली. पिकाचा दोष द्वारकाबाईंनी पदरात घेतला असता, तो होताच त्यांचा. हे मात्र फार लागलं. टोपल्या उलट्या झाल्या आणि बायका बांधाकडे निघाल्या. आदल्या दिवशीच्या पावसानं काळी माती त्यांच्या टाचांना थापल्यासारखी चिकटली होती.

"थांबा," द्वारकाबाई म्हणाल्या. "पायाची माती बी न्यायची न्हाई."

हौदावरून त्यांनी बादलीभर पाणी आणि घमेलं आणलं, बांधाशी बसल्या आणि पहिल्यांदा झुंबरबाईचाच पाय हातात घेतला. झुंबरबाईनं पाय मागे ओढला नाही. टाच धुतली, बोटं धुतली, जोडव्यांखाली अडकलेली माती नखानं काढली. एवढ्या वर्षांत सवाष्णीच्या पायाला त्यांचा हात लागला नव्हता. मग एकेकीचे पाय धुवून झाले की ती बाई मागे न बघता देवळाच्या वाटेला लागे. घट बसायची वेळ होत आली होती.

शेवटी दैवशालाही गेली. घमेल्यात काळा गाळ साचला होता. द्वारकाबाईंनी तो उचलून नेला आणि देवीपट्टीत ओतला.