अण्णांच्या पाटीवर ‘हम्बल’

अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण नम्र ते गेल्या महिन्यात झाले.

करी रोडला आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला आणि पार्किंगच्या कडेला अण्णांच्या वाचनालयाला एक खोली मिळाली. अण्णा म्हणजे माझे वडील, रामदास. गिरणीत रिंग खात्यात, सूतकताईवर होते. पाळी सुटली की तसेच, केसांत कापूस घेऊन, वाचनालय उघडायचे. मी दहावीला गळाले. पुढचं इंग्रजी तिथल्या पेपरांवर शिकले, शिळ्या का होईना.

उद्घाटनाची संगमरवरी पाटी इंग्रजीत करायची ठरलं, टॉवरला शोभेल अशी. मजकूर कमिटीतल्या पद्मजाताईंनी लिहिला. दादरच्या, बँकेतून निवृत्त. मला फोनवर पाठवला. त्यात कपाटं देणारे वकील ‘एमिनंट’ होते आणि अण्णा ‘अ हम्बल मिल वर्कर’.

मी फोन लावला. “पद्मजाताई, तेवढं हम्बल काढा. फाउंडर लिहा, पुरे.”

“अहो बकुळाताई, वाईट नाहीये ते. फॉर्मल इंग्रजीत अशा व्यक्तींसाठी तोच शब्द योग्य.”

“अशा म्हणजे कशा?”

तिकडे कुकरची शिट्टी झाली. “म्हणजे... साध्या परिस्थितीतून वर आलेल्या.”

“तुमचे वडीलही साधे कारकूनच होते ना? त्यांना लिहाल?”

“त्यांना कशाला लिहू?” त्या पटकन बोलून गेल्या. मग आवाज उतरला. “खरं सांगू? मी नुसतं फाउंडरच लिहिलं होतं. हा शब्द तुमच्या अजितनं घालायला लावला.”

अजित माझा धाकटा भाऊ. विमा कंपनीत मॅनेजर.

अण्णा नम्र नव्हते हो. गावच्या शाळेत दाराबाहेर गोणपाटावर बसून शिकलेला माणूस. म्हणून वाचनालयात त्यांचा एकच नियम होता, जमिनीवर कुणी बसायचं नाही. कुणी सवयीनं दाराशी टेकला की लोखंडी खुर्ची खरखरत पुढं यायची. “वर बस. खाली बसायचं तर आपल्या घरी बस.” एवढ्यावरून माणसं तुटली त्यांची.

संध्याकाळी अजितकडे गेले. तो चष्मा पुसत म्हणाला, “ताई, मीपण माझ्याबद्दल तसंच लिहितो. हम्बल बॅकग्राउंड. लोकांना आवडतं.”

“अण्णांना आवडलं असतं?”

“अण्णांना कधी काय आवडलंय? जन्मभर भांडले, भोगलं आपण. आता मेल्यावर तरी चार लोकांत गोड दिसू देत की.” मग हळूच, “आणि दगड कोरून झालाय.”

मी उठून चपला घातल्या. भोगलं होतंच.

उद्घाटनाला पुढं सतरंजी, मागं पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या. सतरंजी आम्हा चाळकऱ्यांना. घरगुती वाटतं म्हणे. अण्णांच्या जुन्या खुर्च्या कोपऱ्यात घडी करून ठेवलेल्या. एक ओढली, झटकली, सतरंजीवरच्या जुन्या शेजारणीपाशी आणली.

“ललितामावशी, वर बसा.”

“असूंदे गो बाय. हयच बरां, पाय लांब करूक गावतत.” मावशी हसल्या आणि खरंच पाय लांब केले.

दुसऱ्या कुणालाही बोलावलं नाही. मीच बसले. ब्लेझर घातलेल्या अजितनं माईक हातात घेतला आणि पहिल्याच वाक्यात हम्बल बॅकग्राउंडमधून आला. टाळ्या पडल्या. ललितामावशींनीसुद्धा वाजवल्या, शब्द कळला नसेल, पण पोर चाळीतलं होतं. पडदा सरकला. सोनेरी अक्षरं कोरलेली, खोल. अजितचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यानं हात किंचित खाली केला. बस, खाली बस, अशी खूण. लहानपणी अण्णा तापले की मला करायचा तशीच.

मागून एक बाई सभ्यपणे म्हणाल्या, “अहो, जरा खाली बसता का? पाटी दिसत नाहीये.”

म्हटलं, “नाही दिसली तर बरंच.”