शिट्टीवालीची जुनी जाळी

अहो, इकडं वर बघा! गोठ्याच्या भिंतीवर विळा टांगलाय ना, त्याच्या शेजारच्या खिळ्याला. मी जाळी बोलतेय. गाडीची जाळी. हे आधीच सांगते, कारण परवा एका पाहुण्यानं मला 'एसीचा जुना पत्रा' म्हटलं. असा संताप आला म्हणून सांगू! पण भिंतीवर टांगलेल्यानं बोलायचं तरी कुणाला?

कागदोपत्री माझं नाव हीट एक्स्चेंजर. आमच्या लासुर्णे गावात एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? आमच्या मालकीणबाई अनिताबाई पहिल्याच दिवशी मला जाळी म्हणाल्या आणि तेच नाव पडलं. जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये कागदासारखी पातळ पाती, एवढाच माझा देह.

माझं काम काय, तेही सांगून टाकते. आमच्या गाडीला सुपरचार्जर आहे, म्हणजे इंजिनाच्या घशात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. सायकलमध्ये हवा भरताना पंप कसा तापतो? तशी ही कोंबलेली हवाही तापते, आणि तापलेल्या हवेनं इंजिनाचा दम जातो. म्हणून त्या हवेजवळून पाणी फिरवायचं आणि तापलेलं पाणी माझ्याकडं पाठवायचं. मी गाडीच्या अगदी तोंडाशी उभी. वारा खायचा, पाणी थंड करायचं, परत पाठवायचं. मला जगायला फक्त वारा लागायचा, बाकी काही मागणं नव्हतं.

मालक विजयसिंह. ऊस, म्हशी, सोसायटीची मीटिंग, असं चारचौघांसारखं आयुष्य. वेड मात्र एकच, ही गाडी. मुंबईच्या कुणा हौशी माणसाची जुनी गाडी त्यांनी घेतली, तेव्हा सगळ्या पाराला हसायला विषय मिळाला. पण पाय दाबला की सुपरचार्जरची ती बारीक, चढत जाणारी शिट्टी निघायची, आणि हसणारेही मान वळवून बघायचे. गावानं गाडीचं नाव ठेवलं शिट्टीवाली.

काय ते दिवस होते! मालक इंदापूरहून निघाले की शिट्टी आधी कॅनॉलच्या पुलावर ऐकू यायची. ती ऐकली की अनिताबाई चहाचं आधण ठेवायच्या आणि धाकटी स्वरूपा जुना टूथब्रश घेऊन फाटकाशी पळत यायची. तो ब्रश माझ्यासाठी होता बरं का! हंगामात उसाच्या तुऱ्यांचा कापूस, पाचटाचे तुकडे, रस्त्यावरची चिलटं, सगळं माझ्या पात्यांत येऊन बसायचं. मालक पाइपनं पाणी मारायचे आणि ही पोरगी जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून घासायची.

"तात्या, जाळीचे दात घासलं का सकाळी?"

"तूच घास बाई. तुज्याबिगर ती तोंडच उघडत न्हाय."

मला गुदगुल्या व्हायच्या. थोरली वृषाली पायरीवर बसून हसायची, "लेकीपेक्षा जाळीचे लाड जास्त." खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला फार आवडायचं. पोरी मोठ्या झाल्या, स्वरूपा बारामतीला नोकरीला लागली, तरी शनिवारी घरी आली की आधी ब्रश शोधायची.

मग वृषालीचं लग्न आलं. सासर डाळजचं. आपली लेक शिट्टीवालीतनंच सासरी जाणार, हे मालकांनी सगळ्या भावकीला सांगून ठेवलेलं. मे महिना, दुपारचा मुहूर्त. सजावटवाला आला, तसे मालक त्याला म्हणाले, "पुढनं पार झाकून टाक. लोखंड दिसाया नको."

त्यानं खरंच झाकलं. थर्माकोलचा मोठा बदाम, त्यावर नवरा-नवरीची नावं, भोवती झेंडूच्या माळा, आणि हे सगळं तारेनं थेट माझ्या अंगावर करकचून बांधलं. त्यावर मामाचा हार, आत्याचा हार, चुलत्यांचा हार. आपल्याकडं माणसाला कौतुक वाटलं की ते हारच घालतं, समोरच्याला श्वास घ्यायचाय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मी आतून ओरडत होते, "अहो, माझं तोंड! माझं तोंड मोकळं करा!" पण बँड सुरू झाला होता.

डाळजच्या वेशीपर्यंत मी कशीबशी तगले. तिथून मारुतीपर्यंत वरात, म्हणजे मुंगीची चाल. डीजेपुढं पोरं नाचताहेत, ऊन अजून रणरणतंय, आणि माझ्यापर्यंत वाऱ्याची एक झुळूक नाही. पाणी उकळायला लागलं. माझ्यामागचा मोठा रेडिएटरही गुदमरला. देवळासमोरच भस्सकन वाफ निघाली आणि गाडी बंद पडली. नवरी खाली उतरली आणि बँडवाल्याच्या टेम्पोत बसून सासरच्या दारात गेली.

नवऱ्याकडची एक बाई मोठ्यानं म्हणाली, "एवढी शिट्टी वाजवीत आली, आन् हितं यिऊन बसली व्हय?" सगळे हसले. मालकांनी मान वर केली नाही. टेम्पोत चढताना वृषालीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला फुलांच्या फटीतून दिसलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी निकाल दिला, "जाळी गेलीया. हिच्यात दम न्हाय ऱ्हायला." मला काय वाटलं असेल! इतकी वर्षं उन्हातान्हात यांचं पाणी गार ठेवलं, आणि शेवटी हे ऐकायचं? गाडी लिंबाखाली उभी केली, वर ताडपत्री टाकली. मालक मोटरसायकलवर फिरायला लागले. अनिताबाई चहा ठेवायच्या, पण तो कधी आधीच व्हायचा, कधी मागाहून. पुलावरून खबर देणारं कुणी राहिलं नव्हतं.

दोन वर्षांनी स्वरूपाचं कऱ्हाटीला जमलं. सुपारी फुटली त्या रात्री जेवताना मालक म्हणाले, "चांगली भाड्याची गाडी सांगतो."

"मी शिट्टीवालीतनंच जाणार, तात्या. आन् चालवायची तुमी."

"ह्या गाडीनं थोरलीला सासरच्या दारात हसं केलं. तुजं करायचं न्हाय मला."

"मग मी जाळीच बदलते. मोठी मिळते, बाहेरच्या कंपनीची. मग तरी चालवाल?"

मालक उठून हात धुवायला गेले. ताडपत्रीखाली मला हे सगळं ऐकू आलं. ज्या पोरीनं माझे दात घासले, तीच मला काढणार! रागावू तरी कुणावर? तिला मला घालवायचं नव्हतं, तिला तिचा बाप स्टिअरिंगवर हवा होता.

इंदापूरला आरिफचं गॅरेज आहे. गाडी ट्रॅक्टरला टोचन लावून, ओढत तिथं नेली. मालक आले, पण गाडीकडं पाठ करून स्टुलावर बसले. आरिफनं आणि स्वरूपानं पुढचा बंपर काढला, माझं पाणी खाली सोडलं, पाइपांच्या क्लिपा सैल केल्या. नवी जाळी खोक्यातून निघाली. काळी कुळकुळीत, माझ्यापेक्षा दुप्पट जाड. आली बाई सवत, म्हटलं मी. नटबोल्ट निघाले आणि मी जन्मात पहिल्यांदा गाडीपासून वेगळी झाले.

"तात्या, धरा जरा," म्हणून स्वरूपानं मला मालकांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी नाइलाजानं खाली बघितलं. माझ्या पात्यांत वाळून काळा पडलेला झेंडू गच्च बसला होता. थर्माकोलचा वितळलेला गोळा होता. तारेचा तुकडा होता, त्या तारेनं घासून माझी एक नळीच चिरली होती. मालकांनी खिशातल्या किल्लीनं एक पाकळी उकरून काढली, मग दुसरी. कितीतरी वेळ ते उकरतच राहिले.

"स्वरू," ते शेवटी म्हणाले, "हिचं तोंड मीच दाबलं गं. आन् बोल हिलाच लावला."

स्वरूपा त्यांच्याशेजारी खाली फरशीवर बसली. आरिफनं रेडिओ बंद केला. माझ्या मनातली दोन वर्षांची अढी त्या एका वाक्यानं निघून गेली, खरंच सांगते.

"हिलाच बसवता येईल का रं परत?" मालकांनी विचारलं.

आरिफनं चिरलेली नळी बघितली. "न्हाय तात्या. वेल्डिंग मारलं तरी टिकायची न्हाय. लई सोसलंय तिनं. आता आराम करू द्या."

मग नवी बसली. तिच्यासाठी दोन पट्ट्या कापून वाकवाव्या लागल्या, पाइपही थोडे लांब घ्यावे लागले. पाणी भरलं आणि आतली हवा निघून बुडबुडे थांबेपर्यंत पंप चालू ठेवला. सगळं झाल्यावर आरिफनं किल्ली पुढं केली. स्वरूपानं ती घेतली नाही. ती मुकाट मागं बसली, मला पेपरात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि वाट बघत राहिली. मग पुढचं दार उघडलं आणि मालक बसले.

अंथुर्ण्याच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला, तसा त्यांनी पाय दाबला. आणि ती शिट्टी! सगळं आयुष्य मी पुढं वाऱ्यात उभी राहिले होते. आतून ती कशी ऐकू येते, हे मला त्या दिवशी कळलं. फार गोड ऐकू येते हो. स्वरूपाच्या डोळ्यांतला एक थेंब पेपरावर पडला. पुलावर पोचलो तेव्हा आमच्या घराच्या पडवीतून आधण ठेवायला कोण लगबगीनं आत गेलं असेल, ते मला बघायची गरज नव्हती.

मालकांनी मला गोठ्यातल्या या खिळ्याला टांगलं, इथून पुढचा मांडव सगळा दिसायचा. पण खरी परीक्षा लग्नाच्या दिवशी होती. गाडी सजली होती, टपावर आणि दारांवर फुलं, तोंड मात्र उघडं. भावकी कुजबुजत होती. तेवढ्यात नवऱ्याचे चुलते, आबासाहेब, हातभर जाडीचा हार घेऊन आले. कऱ्हाटीकरांचा मानाचा हार, नवरीच्या गाडीला पुढून घालायचा असा त्यांच्या घरचा रिवाज. मालक हात पसरून गाडीच्या तोंडापुढं उभे राहिले.

"आबासाहेब, हितं न्हाय."

"म्हंजे? आमचा हार न्हाय चालत तुमाला?"

स्वरूपाचा चेहरा उतरला. व्याही रुसायला आपल्याकडं याच्या निम्मं कारणही पुरतं! वृषाली डाळजहून आली होती, ती पुढं सरकली. मालकांनी तिच्याकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थोरलीच्या वक्ताला गाडी बंद पडली, ती गाडीची खोड न्हवती. मी हौसंनं तिचं तोंड झाकलं. माज्या लेकीला दोन वरीस बोलणी खावी लागली ती माज्या हारांपायी. तुमचा हार मानाचा हाय ना? मग मानकरणीलाच घालू. या माज्यासंगं."

आणि ते आबासाहेबांना हाताला धरून कुठं घेऊन आले असतील? इथं, गोठ्यात! म्हशींपुढून वाट काढत, माझ्यासमोर. म्हणाले, "हिनं वीस वर्सं आमाला सांभाळलं. हिला घाला. आता हिला वाऱ्याची गरज न्हाय."

आबासाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मालकांच्या भरलेल्या डोळ्यांकडं बघितलं, आणि दोन्ही हातांनी तो हार मला घातला. "लई थोर बाई दिसत्याय," असं म्हणून ते हसले. मागं वृषाली रडत होती. यावेळचं ते रडणं वेगळं होतं.

शिट्टीवाली निघाली. मी कऱ्हाटीची वरात बघितली नाही. पण दिवेलागणीला पुलावर शिट्टी ऐकू आली, अगदी निर्धास्त, तेव्हाच कळलं की सगळं नीट पार पडलं. नव्या जाळीला मी मनातल्या मनात शाबासकी दिली. सवत असली तरी घरचीच ना आता.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. तुमच्याकडं लग्न निघालं की गाडी हौसेनं सजवा, पण तिच्या तोंडावर हार बांधू नका. जी मुकाट्यानं पुढं उभी राहून तुमचा ताप सोसते, तिला निदान वारा तरी लागू द्या. मला तर आता काही मागायचं उरलं नाही.

त्या संध्याकाळी मालक फाटकातून आत आले, गाडी बंद केली, बॉनेट उघडलं आणि सवयीनं हाक मारली, "स्वरू, बरश आण गं."

कुणी पळत आलं नाही. मग चहाचा कप ठेवून अनिताबाई आत गेल्या आणि तो जुना ब्रश त्यांनी आणून दिला. मालकांनी आधी नवी जाळी घासली. मग गोठ्यात आले, माझ्या गळ्यातला हार हळूच बाजूला केला आणि म्हणाले, "तोंड उघड बाई. आजपास्नं मीच घासत जाईन."