बुधवारचे भाव

हार्लन ब्रुबेकरनं उभा जन्म अमेरिकेतल्या युजीन शहरात सिटी बस चालवली. नैसर्गिक, बिनखताच्या खाद्यमालाच्या दुकानांवरून त्याची बस रोज जायची, पण आत पाऊल टाकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. तिथे गवत सोन्याच्या भावानं विकतात, असं त्याचं मत होतं, आणि ते तो उतारूंनाही ऐकवायचा.

ते मत त्याच्या सुनेनं मोडून काढलं. म्हणजे तिनं काही केलं नाही, ती नुसती राहिली. कॉरिन आणि त्याचा मुलगा ट्रॉय घरासाठी पैसे साठवायचे म्हणून हार्लनच्या गॅरेजवरच्या खोलीत राहत होते. मग ट्रॉयचं कामावरच्या एका बाईशी जुळलं आणि तो तिच्याबरोबर बॉइसीला निघून गेला. कॉरिन वरच्या खोलीतच राहिली. जा म्हणायला हार्लनची जीभ रेटेना, आणि राहा म्हणायचं तर कुठल्या तोंडानं? सगळं आपल्याच पोरानं केलेलं. जिन्यात गाठ पडली की दोघं हवापाण्यावर बोलायचे आणि आपापल्या दाराआड जायचे.

कॉरिनला गहू चालत नसे. चुकून कण पोटात गेला तरी दोन दिवस आडवी व्हायची. एका बुधवारी तिच्या टपालात मेडोलार्क दुकानाचं सेलचं पत्रक आलं. ते वर नेऊन देताना हार्लनची नजर तांदळाच्या पिठावर पडली.

"हे पीठ आहे की औषध?" त्यानं विचारलं. "आणि हा म्हणे उतरवलेला भाव."

कॉरिन हसली. ट्रॉय गेल्यापासून हार्लननं तिला हसताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तो रिव्हरबेंडमध्ये गेला. ते सभासदांनी मिळून चालवलेलं दुकान. तिथे हेच पीठ सुटं मिळतं आणि पाऊण किमतीत पडतं, असं त्याला दिसलं. संध्याकाळी त्यानं ही बातमी अशा थाटात सांगितली, की जणू खाण सापडली होती.

मग ते दर बुधवारचंच झालं. कॉरिन कामावरून आली की खाली स्वयंपाकघरात यायची, टेबलावर दोन्ही दुकानांची पत्रकं पसरायची आणि दोघं भाव ताडून बघायचे. मेडोलार्क फळं स्वस्त लावून गिऱ्हाईक ओढतं आणि चीजवर वसूल करतं, हे हार्लननं ओळखलं. भाव तोच ठेवून पिशवी कशी बारीक केली, ते कॉरिननं त्याला दाखवलं. अंड्यांवरून तर दर वेळी जुंपायची.

"तीस सेंटसाठी शहराच्या त्या टोकाला जायचं?" ती म्हणायची.

"पेट्रोल माझं, हट्ट माझा. तू फक्त अंडी खा."

बोलता बोलता जेवणाची वेळ व्हायची, आणि ती जेवूनच वर जायची.

ऑक्टोबरात घटस्फोटाचा निकाल लागला. दोघांनी त्याचं नाव काढलं नाही. नोव्हेंबरात ट्रॉयचा फोन आला. महिनाअखेरच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण होता, त्या जेवणाला मी आणि ब्रिन येतो म्हणाला; ब्रिन म्हणजे ती कामावरची बाई. पोराचा आवाज बऱ्याच दिवसांनी कानावर पडला होता, हार्लन हो म्हणून बसला. फोन ठेवल्यावर त्याला वरची कॉरिन आठवली. जिन्यात उभं राहून त्यानं कॉरिनला कसंबसं सांगितलं. तिनं लगेच सांगून टाकलं, की ती काम करते त्या दातांच्या दवाखान्यातल्या ग्लोरियानं तिला जेवायला बोलावलंय, काळजी नको. हार्लनला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

सणाच्या आदल्या आठवड्यात दोन्ही दुकानांत सणाला भाजायच्या टर्की पक्ष्याच्या भावाची चढाओढ लागली होती. शनिवारी सकाळी हार्लन रिव्हरबेंडमध्ये चौकशीला गेला. थंड कपाटापाशी कॉरिन उभी होती. तिच्या हातात एका माणसाच्या तयार जेवणाचा गोठवलेला खोका होता. त्यावरची बारीक अक्षरं ती वाचत होती, गहू कुठे आहे का ते बघत. टोपलीत एकच रताळं होतं.

हार्लन तांदळाच्या पिंपाआड सरकला. ती पैसे देऊन बाहेर पडेपर्यंत तो तिथेच उभा होता. टर्कीचा भाव बघायचा राहूनच गेला. घरी आल्यावर त्यानं कोटही न काढता ट्रॉयला फोन लावला.

"गुरुवारी कॉरिन जेवायला असेल," तो म्हणाला.

"डॅड, आमचा घटस्फोट झालाय."

"तुमचा झालाय. मला कुणी कागद पाठवला नाही."

"म्हणजे तुम्ही तिची बाजू घेताय."

"बाजू घ्यायची असती तर तू गेलास त्या दिवशीच घेतली असती. तू माझा पोरगा आहेस, तीच तर पंचाईत आहे. गुरुवारी या नाहीतर शुक्रवारी या, दोन्ही दिवशी जेवायला वाढीन. पण ती वर एकटी खोका उघडून बसणार आणि आपण खाली टर्की कापणार, हे माझ्यानं व्हायचं नाही."

ब्रिनला विचारून सांगतो म्हणून ट्रॉयनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, शुक्रवारी येतो. त्यात राग होता की नाही, हार्लनला कळलं नाही. तो जिना चढून वर गेला.

"ग्लोरियाकडे जायचं पक्कं ना?"

"हो."

"मग त्या ग्लोरियाला कळव, तुला जमत नाही." ती आत वळली. तेव्हा तो म्हणाला, "मी तुला रिव्हरबेंडमध्ये बघितलं, पोरी."

कॉरिनचे कान लाल झाले. ती दाराच्या चौकटीला टेकली. "ट्रॉय तुमचा मुलगा आहे, हार्लन. मी आता तुमची कोण?"

तो टोपी हातात फिरवत राहिला.

"कोण ते मला ठाऊक नाही," तो शेवटी म्हणाला. "पण बुधवारी तू खाली आली नाहीस तर मला घास उतरत नाही."

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि रडली. तोही गुडघे कुरकुरवत शेजारी बसला. पाठीवरून हात फिरवावा की नाही ते त्याला ठरवता येईना. मग त्यानं सांगितलं, की मेडोलार्कची मसाला भरलेली टर्की या आठवड्यात सगळ्यांत स्वस्त आहे.

"त्यात पाव भरलेला असतो," ती नाक पुसत म्हणाली. "मला मारायचा विचार आहे का?"

गुरुवारी दोघांनीच स्वयंपाक केला. भोपळा भरून भाजायची गोड 'पाय' कॉरिननं तांदळाच्या पिठाची केली, ती काही केल्या धरेना, कड ढासळली आणि भोपळा सगळ्या ताटलीभर झाला. हार्लननं ती चमच्यानं खाल्ली, दोनदा वाढून घेतली.

शुक्रवारी ट्रॉय आणि ब्रिन आले. कॉरिन वर आपल्या खोलीतच थांबली, आणि जेवणं जरा अवघडूनच झाली. नंतर ट्रॉय गाडीत सामान ठेवायला म्हणून बाहेर पडला, पण गाडीपाशी न जाता जिन्याखाली घुटमळला. मग तो वर चढला. वरचं दार उघडल्याचा आवाज आला. काय बोलणं झालं ते हार्लननं ऐकलं नाही, त्यानं मुद्दाम नळ सोडून ठेवला होता.

ब्रिन हातात पुसणं घेऊन त्याच्या शेजारी उभी होती. तिलाही दार ऐकू आलं होतं. हार्लननं उरलेली टर्की आणि पायचा एक ढासळलेला तुकडा तिला वाटेसाठी बांधून दिला.

"ही तिनं केलीय ना?" ब्रिननं हळूच विचारलं.

"हो. दिसायला वाईट आहे," हार्लन म्हणाला, "पण चव चांगली आहे."

ब्रिननं डबा दोन्ही हातांनी धरला, जपून बाजूला ठेवला, आणि ट्रॉय खाली येईपर्यंत ती हार्लनबरोबर भांडी पुसत राहिली.