भुरीचं उरलेलं रक्त

आजारी रक्ताची नळी हाताळली की हातमोजे बदलायचे, हा नियम आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर मीच चिकटवलाय. त्यावरून मी भल्याभल्यांची हजेरी घेतली आहे. आणि शेवटी माती खाल्ली कोणी, तर मीच.

धाकटा भाऊ मुलांना रपेट शिकवतो. त्याच्याकडे एकच घोडी, भुरी. गेल्या महिन्यात तिला फळवायला ज्या घोड्याकडे नेलं होतं, तो आजारी निघाला. त्या आजाराचा परजीवी अशा संगातून घोड्याकडून घोडीत जातो. त्यावर औषध नाही. सापडला की जनावराला सुई देऊन संपवायचं, असा कायदा आहे. आम्ही रक्तात त्याची जनुकं शोधतो. कणभर असली तरी मशीन ती वाढवत नेतं आणि पडद्यावर रेघ वर चढते. नसली तर रेघ आडवी.

सकाळी भुरीची रेघ चढली. दर खेपेला आम्ही एक नळी खात्रीने आजारी रक्ताची ठेवतो आणि एक नुसत्या पाण्याची. पाण्याची रेघ आडवी होती, म्हणजे चाचणी बरोबर. आपल्या माणसाचं झाकलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी दहा मिनिटांत अहवाल पाठवला. फोनवर भाऊ फक्त "बरं, ताई" म्हणाला. जनावरांचे सरकारी डॉक्टर सुई द्यायला चार वाजता जाणार होते.

एक वाजता डबा उघडला. खाण्यात लक्ष नव्हतं, म्हणून पोळी टाकायला टेबलाखालचा कचऱ्याचा डबा ओढला. त्यात मोज्यांची एकच जोडी होती; दोन हव्या होत्या.

मग सगळं आठवलं. सगळ्या नळ्या भरून झाल्यावर, शेवटी आजारी रक्ताची नळी उघडली, बंद केली. आणि मग त्याच मोज्यांनी भुरीची पुन्हा उघडली. नीट भरली आहे ना, एवढंच बघायला. दुसऱ्या कुणाच्या जनावरासाठी मी हा आगाऊपणा केला नसता.

भावाला फोन लावला. वाजत राहिला. डॉक्टरांचा बंद. त्यांच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, "बाई, घोडी भावाची म्हणून शंका येतेय का? नवा अहवाल द्या, लगेच थांबवतो."

मला त्यांचा राग आला, पण स्वतःचा जास्त आला. भुरीचं थोडं रक्त फ्रीजमध्ये उरलं होतं. नव्या मोज्यांनी सगळं पहिल्यापासून केलं, खात्रीसाठी भुरीच्या दोन नळ्या भरल्या. एकेक थेंब मोजून घातला. मग मशीनसमोर बसून राहिले. मध्येमध्ये भावाला फोन लावत होते. तो काही उचलत नव्हता. मी आयुष्यात कधी मशीनच्या पाया पडले नव्हते, त्या दिवशी तेही केलं.

साडेतीन वाजता पडद्यावर भुरीच्या दोन्ही नळ्यांच्या रेघा आल्या. आडव्या. अगदी पाण्यासारख्या. साहेबांचा नंबर काढला, तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, फोन घरात राहिला होता. मी तिच्याजवळच होतो. झालं सगळं."

"चार वाजता होतं ना?"

"मीच डॉक्टरांना लवकर बोलावलं. ती बाहेर उन्हात उभी होती, मजेत होती. म्हटलं, तिला काही कळायच्या आत होऊ दे. दोन वाजता झालं."

मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं.

"डॉक्टर भला माणूस. म्हणाले, हवं तर पुन्हा तपासणी मागता येते, आठवडाभर थांबू. मी म्हटलं, माझ्या बहिणीने तपासलंय. तिने तपासल्यावर आणखी काय तपासायचं? तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं कामच आहे ते. जेवलीस का?"

डबा तसाच उघडा पडला होता. पडद्यावर दोन रेघा आडव्या होत्या, आणि त्या माझ्याशिवाय अजून कुणी पाहिल्या नव्हत्या. मी पडदा बंद केला असता, तर त्याला जन्मात कळलं नसतं.

"नाही जेवले," मी म्हणाले. "तू आधी खाली बस. मला तुला काहीतरी सांगायचंय."