इशारा प्रथम कोणास

"प्रश्न हातभर, आणि उत्तराला जागा बोटभर," तालुक्याहून आलेला कारकून स्वतःशीच कुरकुरला आणि त्याने टाकाचं निब धोतराच्या सोग्याला पुसलं.

तापीचा पूर ओसरून आठ दिवस झाले होते. पोलीस पाटील गिरधर यांच्या ओट्यावर गावची चार माणसं भिंतीला टेकून बसली होती. गाळ उपसून उपसून सगळ्यांचे खांदे उतरले होते. चौकशी लवकर आटपावी, एवढीच प्रत्येकाची इच्छा.

सरकारचं पुराचं परिपत्रक ज्येष्ठातच आलं होतं. पाटलांनी ते चावडीवर वाचूनही दाखवलं होतं. पट्टीचे पोहणारे चार, होडी एक, आसऱ्याला शाळा. खुणेच्या दगडाला पाणी लागताच कोतवालाने दवंडी द्यावी. सगळं तसंच झालं. कागदावरून पाहिलं तर गावाला ओल लागायचंही कारण नव्हतं. तरी काठच्या भिलाटीतली, भिल्लांच्या वस्तीतली, म्हातारी रेवाबाई झोपडीसकट वाहून गेली.

"इशारा प्रथम कोणत्या वस्तीस दिला?" कारकुनाने छापील ओळ पुन्हा वाचली.

भिंतीला टेकलेला वरच्या गल्लीतला मोतीलाल नखातला चिखल काढू लागला. पाटील म्हणाले, दवंडी वेळेवरच सुटली, पण भटू कोतवालाचा पाय अधू, त्यालाच उशीर झाला असेल. दुसऱ्या कुणीतरी, वाटेत बिडी ओढायला टेकला असेल, अशी पुस्ती जोडली. द्वेष कुणाच्याच मनात नव्हता. रकाना भरायचा होता.

कारकुनाने खांबापाशी उभ्या भटूला बजावलं, की 'हयगय' लिहिलं तर कोतवालकी जाईल, आणि म्हातारीचं मरणही त्याच्याच नावावर चढेल.

"उशीर झाला का रे?"

भटूने पाटलांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे.

"व्हयना व्हई, भाऊसाहेब."

खाली अंगणात रेवाबाईची सून फुलीबाई उकिडवी बसली होती. तिला गळाभर पाण्यातून भटूनेच ओढून काढलं होतं. त्यासाठी कागदावर रकाना नव्हता. तिने मान वर केली नाही.

झाला असेल, म्हणजे झालाच; टाक दौतीत बुडाला.

पाटलांच्या सरलाबाई दाराआड चहाचं ताट धरून उभ्या होत्या. सरकारी माणसासमोर त्या कधी उंबरा ओलांडत नसत. आज ओलांडला. ताट त्यांनी कारकुनापुढे, थेट त्या कागदावरच ठेवलं. पाटील खाकरले. सरलाबाईंनी पदर सारखा केला, नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"भटूले उशीर नही व्हयना, भाऊसाहेब. पहिली दवंडी आम्हना दारशी, मंग मोतीलालभाऊनी गल्ली, भिलाटी सर्वास्ना शेवट. आम्हना गावनी रीतच शे ती. दवंडी वरथीन खाले गयी, आन पानी खालथीन वर चढनं."