एकशे नव्वद ग्रॅम

"हसू नकोस, नुसता शेजारी उभा राहा," काटेवाला मला म्हणाला आणि मुलीच्या स्केटबोर्डवर त्याने दुसराही पाय ठेवला. पुढच्याच क्षणी बोर्ड पलंगाखाली आणि तो माझ्या अंगावर.

मी त्याच्या खालच्या मजल्यावर राहतो. त्या महिन्यात माझ्या छताचं इतकं प्लास्टर पडलं, की त्यात आणखी एक खोली बांधून झाली असती. खोटं वाटेल, पण खोटं मी गरजेपुरतंच बोलतो.

दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. बायको गेली, मुलगी दूर नोकरीला गेली, मागे हा बोर्ड राहिला. मुलगी दर रविवारी फोन करायची. प्रश्न दोनच: जेवलात का, औषध घेतलं का. त्याला तिसरा हवा होता.

"बोर्डावर उभा आहे म्हटल्यावर विचारेल ना काहीतरी. निदान रागवेल तरी."

"मग गुडघे वाकव की."

"काट्याला गुडघे असतात का?"

त्याचं शास्त्र वेगळं होतं. दोन्ही बाजू सारख्या केल्या की झालं. मागच्या रविवारी मुलगी बोलत असतानाच त्याने फोन पारड्यात ठेवून तोलला होता: एकशे नव्वद ग्रॅम. तेवढीच वजनं आता डाव्या खिशात. शंभर, पन्नास आणि दोन विसाची.

रविवारी फोन वाजला. भिंत सोडून तो बोर्डावर उभा राहिला. खरंच राहिला. काट्याच्या सुईसारखा थरथरत, पण मधोमध.

"बाबा, जेवलात का?"

"हो."

"औषध?"

"घेतलं. अगं, ऐक ना, मी आत्ता..."

"बाबा, दारात कोणीतरी आलंय. पुढच्या रविवारी बोलू हं."

"बरं. जप."

आवाज थांबला. फोन उजव्या कानालाच होता. आणि काटेवाला हळूहळू डावीकडे, वजनांच्या खिशाकडे कलला आणि फरशीवर बसला. वजनं मी नंतर स्वतः तोलली. एकशे नव्वद, गुंजभरही जास्त नाही.

"लागलं का रे?"

"फोन हलका झाला," तो म्हणाला.

मी हसलो नाही. त्याने खिशातलं विसाचं एक वजन काढलं, खिडकीत ठेवलं, आणि भिंतीला हात टेकून पुन्हा बोर्डावर चढला.